वेजच्या पाठीवर नाव घालताना

समोर ठेवलेली गोल्फची वेज (चेंडू उंच उडवायचा क्लब) ५६ अंशांच्या कलाची आहे, कच्च्या फिनिशची, म्हणजे क्रोम न चढवलेली. पाठीवर टोच्या, म्हणजे दांड्यापासून लांबच्या टोकाच्या, बाजूला सुमारे ४० मिलिमीटर रुंद मोकळी जागा आहे. तिथे इंग्रजी अक्षरांत ‘सह्याद्री’ ठोकायचं आणि केशरी रंग भरायचा. एस, ए, एच, वाय, ए, डी, आर, आय, अशी आठ अक्षरं. तयारीला दीड तास, ठोकायला अर्धा तास आणि रंगाला आठवडा, असा कामाचा हिशेब. बघणाऱ्याचं लक्ष रंगाकडे जातं, पण रंगात काही विशेष नाही. तो पुसून पुन्हा भरता येतो. ठोकलेलं अक्षर पुसता येत नाही, म्हणून सगळी काळजी हातोडा उचलण्याआधीची.

पहिला प्रश्न धातूचा. ‘फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) मऊ, कास्ट (ओतीव) कडक’ हे गोल्फ खेळणाऱ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य इथे अर्धवट कामाचं आहे. टायटलिस्टच्या व्होकी वेजेस ८६२० या कार्बन स्टीलच्या, ओतीव आहेत, तरी त्यांवर ठसा छान उमटतो. कंपनी स्वतःच मागणीप्रमाणे अक्षरं ठोकून देते. मिझुनोच्या हिरोशिमात घडवलेल्या फोर्ज्ड आयर्न्स (लोखंडी पात्याचे क्लब) तर मऊच. उलट पिंगच्या जी मालिकेतल्या अनेक आयर्न्स १७-४ या स्टेनलेसच्या असतात. हे स्टील उष्णोपचाराने कडक केलेलं असतं. त्यावर साधा पंच, म्हणजे टोकावर अक्षर असलेली पोलादी कांडी, ठोकलात तर क्लबवर ओरखडा आणि पंचची धार बोथट, एवढंच हाती लागतं. ओळखायला लोहचुंबक लावून बघणारे बरेच आहेत. त्याचा उपयोग नाही, कारण १७-४ आणि ४३१ ही दोन्ही स्टेनलेस स्टील्स चुंबकाला चिकटतात. कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल काढून धातू बघावा. ते जमत नसेल तर ठोकायचा विचार सोडा आणि कंपनीनं कोरलेल्या अक्षरांतला रंग तेवढा बदला.

क्रोमचा मुद्दा वेगळा. खालचं स्टील मऊ असलं तरी वरचा क्रोमचा थर अतिशय पातळ आणि ठिसूळ असतो. पंच खाली जातो तेव्हा स्टील वाकून जागा देतं, क्रोमला ते जमत नाही. अक्षराच्या कडेला केसासारख्या भेगा पडतात. त्या दिवशी दिसत नाहीत. पहिला पावसाळा झाला की अक्षराभोवती तांबूस कड दिसू लागते आणि पुढे पापुद्रे निघतात. क्रोमवर ठोकूच नये असं नाही, पुष्कळ जण ठोकतात, पण हे माहीत असून ठोकावं. ड्रायव्हर, हायब्रिड, पोकळ आयर्न किंवा मागून पोकरलेली, पातळ पाठीची कॅव्हिटी आयर्न यांना मात्र हात लावू नका. तिथे ठसा उठत नाही, खड्डा पडतो.

आता पंच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत ‘लेटर पंच, ३ मिलिमीटर, लोखंडावर मारायचे’ असं स्पष्ट सांगून घ्यावेत. चामड्यावर नाहीतर ॲल्युमिनियमवर मारायचे हौशी पंच हुबेहूब तसेच दिसतात आणि स्टीलवर चार घावांत संपतात. अक्षरांच्या संचात २७ नग असतात, सव्वीस अक्षरं आणि एक ‘अँड’चं चिन्ह. आकड्यांच्या संचात नऊच असतात, कारण सहाचाच पंच उलटा धरून नऊ करायचा. वेजवर ५६ किंवा ६० ठोकणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. पाठीसाठी ३ मिलिमीटर हे माप सोयीचं आहे. दीड मिलिमीटरची अक्षरं नाजूक आणि सुबक, पण त्यांच्या बारीक रेषेत रंग टिकत नाही. ६ मिलिमीटरच्या अक्षराला हातानं पुरेसा जोर लावणं कठीण.

पंचवर एका बाजूला खूण असते, ती अंगठ्याकडे धरली की अक्षर सुलटं. स्वस्त संचात या खुणेवर विश्वास ठेवू नये. प्रत्येक पंच अंगाच्या साबणाच्या वडीवर दाबून बघावा आणि मार्कर पेननं स्वतःची खूण करावी. ए किंवा आर उलटं धरलं तर लगेच कळतं. एच आणि आय उलटे झाले तरी बिघडत नाही. फसवतो तो एस: उलटा धरला तरी एसच दिसतो, पण त्याचं वरचं पोट खालच्यापेक्षा किंचित लहान असतं. उलटा ठोकलेला एस वाचणाऱ्याला खटकतो, आणि काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही.

बैठक नीट नसेल तर चांगला पंच आणि चांगला हात दोन्ही वाया जातात. आम्ही वापरतो तो लोखंडी ठोकळा चार इंच बाय तीन इंच, इंचभर जाड, दीड किलोच्या आसपास वजनाचा आहे. तो टेबलाच्या मधोमध न ठेवता टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठेवायचा, नाहीतर थेट काँक्रीटच्या जमिनीवर. टेबलाच्या मध्यावर फळी झोका खाते आणि घावाचा जोर तीच पिऊन टाकते. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याचा मोह टाळा. ओटा तडकला तर क्लबपेक्षा महाग पडेल. ठोकळ्यावर तीनेक मिलिमीटर जाडीचं चामडं. चपला शिवणाऱ्याकडे असा तुकडा सहज मिळतो. फेस, म्हणजे चेंडू मारायची पुढची बाजू, या चामड्यावर पालथा ठेवायचा, म्हणजे त्यावरच्या ग्रूव्हच्या (खाचांच्या) कडा चेपत नाहीत. चामड्याऐवजी रबराची मॅट वापरली की क्लब उसळतो, पंच परत खाली टेकताना केसभर सरकतो आणि अक्षराची सावली उमटते. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, हात थरथरणं नव्हे.

होझेल, म्हणजे डोक्याचा शाफ्ट (दांडा) बसवलेला नळीसारखा भाग, ठोकळ्याच्या कडेबाहेर लोंबता राहील अशी वेज ठेवावी, नाहीतर फेस सपाट टेकत नाही. शाफ्ट त्याच उंचीवर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवा किंवा दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. होझेलच्या अगदी जवळ ठोकू नये. तिथे खाली आधार नसतो, आणि मऊ स्टीलचा लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) अशा घावानं हलू शकतो.

आता ज्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात ते. फेस सपाट टेकला म्हणजे पाठ सपाट झाली असं नाही. वेज सोलकडे (तळाकडे) जाड आणि टॉपलाइनकडे (वरच्या कडेकडे) पातळ, त्यामुळे पाठीला उतार असतो. पंच जमिनीला काटकोनात धरला तर अक्षराची एक कड खोल रुतते आणि दुसरी जेमतेम उमटते. पंच पाठीला काटकोनात हवा, आणि हातोडाही त्याच तिरक्या दिशेनं यायला हवा. हे डोळ्यांनी ठरवायला एक सोपी युक्ती आहे: पाठ चकचकीत असेल तर पंचचं प्रतिबिंब बघा. पंच आणि प्रतिबिंब मिळून एक सरळ काठी दिसली की काटकोन साधला, मध्ये मोड दिसला की पंच कलता आहे. प्रतिबिंब एकदा समोरून आणि एकदा बाजूनं तपासायचं. कच्च्या फिनिशवर प्रतिबिंब पडत नाही, तिथे जुन्या सीडीचा तुकडा त्या जागी ठेवून आधी मनगटाला कोनाची सवय लावावी, मग तुकडा काढून ठोकावं.

पाठ स्पिरिटनं पुसून त्यावर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. टेपची वरची कड म्हणजे अक्षरांची ओळ. पंच अलगद खाली सरकवला की अक्षराचा पाय टेपच्या कडेला अडतो आणि बोटांना ते कळतं. टेपवर पेन्सिलनं ४.५ मिलिमीटरच्या अंतरानं आठ खुणा केल्या. संपूर्ण शब्द साधारण ३४ मिलिमीटरचा होतो, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मोकळे. मात्र सगळी अंतरं सारखी ठेवली तर शब्द सारखा दिसत नाही. वाय खाली निमुळता आणि ए वर निमुळता, त्यामुळे त्या दोघांमध्ये आपसूक पोकळी दिसते. तिथे अंतर ४ वर आणलं. आय बारीक असल्यानं तो आरच्या आणखी जवळ, साडेतीनवर. सुरुवात डावीकडून करायची नाही. मधला वाय आणि त्याच्यानंतरचा ए आधी, मग एकेक करून दोन्ही बाजूंना. चूक थोडी-थोडी साठत गेली तरी शब्द मध्यावरच राहतो.

क्लबवर जाण्याआधी हाच शब्द लोखंडाच्या पट्टीवर, फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळणाऱ्या २५ बाय ६ मिलिमीटरच्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीवर, निदान तीनदा ठोका. जोराचा अंदाज तिथेच येतो. हातोडा एक किलोचा. घरात असतो तो पाव किलोचा हातोडा घेतला तर चार-पाच घाव लागतात आणि प्रत्येक घाव ही पंच सरकायची संधी. जड हातोडा, वीतभर उंचीवरून, एकच घाव. मनगट सैल सोडून हातोड्याचं वजन खाली येऊ द्यायचं, वरून रेटायचं नाही. आणि सगळ्या अक्षरांना सारखा जोर लागत नाही, हे पट्टीवर लगेच लक्षात येतं. एच, आर, डी यांत रेषेची लांबी जास्त, म्हणून जोर पसरतो. आय म्हणजे एकच दांडी. त्याच घावात ती दुप्पट खोल जाते. आयला अर्ध्या उंचीवरून मारावं. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण कडक पंचचा कण उडाला तर तो सरळ वर येतो.

वाय, ए, एच, डी ठीक उतरले. पहिल्या ए नंतर आरची वरची कड उथळ राहिली. तिथे पाठीचा उतार किंचित बदलतो. अशा वेळी पंच पुन्हा ठशात बसवायचा. तो नीट बसला की बोटांना हलकासा खटका जाणवतो. मग उथळ बाजूकडे किंचित कलवून, अर्ध्या जोरानं एकच टोला. खटका जाणवला नाही तर ठोकू नका, सावली पडेल. शेवटी एस आणि आय.

खोली ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. नख आडवं फिरवलं की ते प्रत्येक अक्षरात अडकलं पाहिजे. याच कारणानं भांड्यांवर नाव घालणाऱ्याच्या यंत्राचा इथे उपयोग होत नाही. लग्नातल्या ताटवाट्यांवर ‘चि. सौ. कां.’ टिंबाटिंबांनी कोरणारी ती सुई पृष्ठभाग नुसता टोचते. त्या टिंबांत रंग भरला तर पहिल्याच पुसण्यात फडक्याबरोबर येतो. रंगाशिवाय नुसतं नाव हवं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो माणूस पाच मिनिटांत सुरेख काम करून देईल, आणि तेही देवनागरीत.

देवनागरीचे तयार लेटर पंच दुकानात सहसा दिसत नाहीत. डाय बनवणाऱ्याकडून करून घ्यावे लागतात. ‘सह्याद्री’साठी स, ह्या आणि द्री असे तीन पंच पुरतात. ते शिरोरेषेशिवाय करून घ्या. शिरोरेषेसकट केले की तीन तुकडे एका ओळीत कधीच जुळत नाहीत, आणि शिरोरेषा जराशी तुटली तरी सगळ्यात आधी तीच दिसते. ती नंतर सपाट, बोथट धारेच्या छिन्नीनं एका ओळीत ठोकायची. डायवाल्याला नक्षी सुलटी द्या आणि पंचवर ती आरशातल्यासारखी उलटी करायची आहे हे एकदाच, स्पष्ट सांगा. दोघांनीही काळजीपोटी उलटी केली तर काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

ठोकल्यानंतर प्रत्येक अक्षराभोवती बोटाला धारदार कड लागते. ठशात धातू निघून जात नाही, नुसता बाजूला सरकतो, म्हणूनच वेजचं वजनही बदलत नाही. ही कड काढली नाही तर पुसताना फडकं तिथे अडकतं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट ठोकळीला गुंडाळून पाण्यात भिजवून चार-सहा हात, मग ६०० नंबर. पेपर नुसत्या बोटानं घासला तर अक्षराच्या कडा गोलावतात आणि रंगाची किनार पुढे अस्पष्ट दिसते. काळ्या किंवा रंगीत फिनिशवर पेपर लावता येत नाही. तिथे ही कड तशीच सोडून द्यावी लागते.

नियमांचं एक सांगून टाकतो. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या नियमांना अडचण असते ती फेसवरच्या, चेंडू लागतो त्या भागातल्या खुणांची. पाठीवर काय लिहायचं ही ज्याची त्याची मर्जी. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचा जुना कारागीर टॉम स्ट्युअर्ट आपल्या घडीव आयर्न्सच्या पाठीवर तंबाखूच्या पाइपचा ठसा मारत असे, तेव्हा ही हौस जुनीच आहे. सोलवर मात्र ठोकू नये. वाळू आणि माती दोन महिन्यांत रंग खरवडून काढतात.

रंग त्याच दिवशी भरावा. कच्च्या स्टीलच्या ठशातला धातू नुकता उघडा पडलेला असतो. मुंबईच्या दमट हवेत रात्रभरात त्यावर गंजाची पुसटशी साय येते आणि तिच्यावर भरलेला रंग पुढे पोपडा होऊन सुटतो. आधी ॲसिटोन लावलेल्या मऊ ब्रशनं प्रत्येक अक्षर घासून घ्यायचं. इथे जपायचं ते फेरूलला, म्हणजे होझेलच्या वरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कड्याला. ॲसिटोननं ते विरघळतं. वेजचं डोकं खाली, शाफ्ट वर, अशी धरली की ओघळ त्या बाजूला जात नाही. वरून टेपचा वेढा दिला तर उत्तम. कॅव्हिटीत चिकटवलेला बॅज असेल तर त्यालाही ॲसिटोन लागू देऊ नका. आणि देवघरातला दिवा किंवा गॅस पेटलेला असताना हे काम घरात करू नये.

कंपनीचा जुना रंग काढायचा असेल तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस अक्षरांवर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल दाबावी. पंधरा मिनिटांत रंग मऊ होतो, मग टूथपिकनं कोरून निघतो. काही कंपन्यांचा रंग भट्टीत पक्का केलेला असतो, त्याला रंगाच्या दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर लागतो. सुईनं उकरायची घाई केली की चरे पडतात.

रंग कोणता, यावर आमचं मत पक्कं आहे: साधा ऑइल पेंट, सगळ्यात लहान डबी. नेलपॉलिश सोपं आणि दहा मिनिटांत वाळणारं, पण टणक आणि ठिसूळ. बॅगेत क्लब एकमेकांवर आपटले की टवके उडतात. शिवाय पावसाळ्यात ते वाळताना हवेतला ओलावा धरतं आणि वर दुधट झाक येते. ॲक्रिलिक वाळताना पाणी सोडून बसतं, त्याचे दोन-तीन हात द्यावे लागतात. ऑइल पेंट हळू वाळतो, हीच त्याची खुबी: चूक पुसायला वेळ मिळतो.

डबी हलवायची नाही, काडीनं ढवळायची. हलवली की हवेचे बुडबुडे होतात आणि वाळल्यावर अक्षरात टाचणीएवढी भोकं दिसतात. केशरी रंग पातळ आणि अर्धपारदर्शक असतो; स्टीलवर तो थेट भरला तर विटकरी दिसतो. म्हणून तळाला पांढऱ्याचा पातळ हात, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग केशरी. भरायला टूथपिकचं टोक किंवा जाड सुईची सिरिंज. रंगाचा थेंब अक्षराच्या मध्यावर सोडावा आणि काडीनं कोपऱ्यांपर्यंत ओढावा. डी, आर आणि ए यांच्या आतल्या बंद कोपऱ्यांत हवा अडकते, तिथे काडी टोचून फिरवावी लागते. रंग कडेच्या किंचित वर, फुगीर राहू द्या. वाळताना तो खाली बसतो.

यानंतरचं पुसणं हे खरं कसबाचं काम. जुन्या बनियनचं फडकं लाकडाच्या गुळगुळीत ठोकळीवर घट्ट ताणून गुंडाळायचं आणि टर्पेंटाइनचा नुसता वास लागेल इतपत ओलं करायचं. बोटावर गुंडाळलेलं फडकं अक्षरात उतरतं आणि रंग उपसून काढतं. ताणलेलं फडकं वरच्यावर सरकतं. घास तिरका, एकाच दिशेनं, आणि प्रत्येक घासाला फडक्याची कोरी जागा. वेळ साधणं महत्त्वाचं. पुण्यात एप्रिलमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत रंगावर साय धरते, जुलैत मुंबईला त्याला तासही लागू शकतो. शेजारी पट्टीवर रंगाचा एक थेंब ठेवावा आणि त्याला बोट लावून बघावं: बोटाला चिकटतो पण तार ओढत नाही, ती वेळ बरोबर. लवकर पुसलंत तर अक्षरं अर्धी रिकामी होतात, उशीर झाला तर भोवती केशरी धूसर डाग राहतो. कच्च्या फिनिशचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे हा डाग तिथे जास्त हट्टी. तो कोरड्या टूथपिकला कापसाचा तंतू गुंडाळून, टर्पेंटाइन लावून, अक्षराच्या कडेकडेनं काढावा.

आमच्या वेजवर एच आणि आर पहिल्या पुसण्यात थोडे बसले. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक थेंब दिला आणि तेवढेच पुसले. चोवीस तासांनी रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून मऊच असतो. बॅगेत ठेवायच्या आधी सहा-सात दिवस द्यावेत. घाई असेल तर हेअर ड्रायर लांबून चालतो. हीट गन नको. होझेलमधला इपॉक्सी गोंद उष्णतेनंच सुटतो, शाफ्ट काढतानाही तीच युक्ती वापरतात.

या सगळ्या रंगाचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. डोक्यावर दोन ग्रॅम वाढले की स्विंगवेट (क्लब फिरवताना जाणवणाऱ्या डोक्याच्या भाराचं माप) साधारण एका अंकानं सरकतं, तेव्हा हातात फरक जाणवायचा प्रश्न येत नाही. कच्च्या वेजला खेळून झाल्यावर पुसून तेलाचा हात द्यावा, तेल रंगालाही बाधत नाही. वर्षभरात एखाद्या अक्षराचा रंग उडेलच, बहुतेक करून कडेच्या आयचा, कारण शेजारच्या क्लबचा मार तोच खातो. त्या अक्षरापुरता ॲसिटोनचा कापूस, टूथपिक आणि नवा थेंब. केशरीची डबी झाकण घट्ट लावून, उलटी करून ठेवली तर तोवर टिकते.